बाहेर पडतानाची झडती

या मालिकेत आपण लढायांबद्दल बोललो, तहांबद्दल बोललो, किल्ल्यांच्या दरवाज्यांबद्दलही बोललो. किल्ल्याचा दरवाजा आत येणाऱ्याला अडवतो. आज ज्या दरवाज्याचा इतिहास सांगणार आहे, तो बाहेर जाणाऱ्याला अडवतो. अणुवीज केंद्रातली पाळी संपवून निघालेल्या माणसाला घरी जाण्याआधी ज्या यंत्रात उभं राहावं लागतं, ते हे दार.

बाहेर पडताना झडती घेण्याची पद्धत तशी जुनी आहे. टांकसाळीत ती होते, हिऱ्यांच्या खाणीत ती होते. तिथे संशय चोरीचा असतो. अणुकेंद्राच्या दारात मात्र ज्याची झडती घ्यायची, त्यालाच आपण काय घेऊन चाललो आहोत हे ठाऊक नसतं. ते दिसत नाही, त्याला वास नाही, हाताला ते लागत नाही. आणि सापडलं, तर त्याचा पहिला फायदा त्या माणसाच्या घरच्यांना होतो. ही झडती त्यांच्यासाठी आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचा सगळा इतिहास नीट समजतो.

आधी एक फरक स्पष्ट करून घेऊ, कारण वर्तमानपत्रांतही याचा घोळ होतो. किरणांचा मारा वेगळा आणि किरणोत्सारी दूषण वेगळं. गणपती विसर्जनाची मिरवणूक आठवा. मिरवणुकीत बत्तीचा उजेड तुमच्या अंगावर पडतो. तुम्ही गल्लीत वळलात की उजेड मागे राहिला, तो काही तुमच्याबरोबर घरी येत नाही. पण गुलाल येतो. आंघोळ केली तरी दुसऱ्या दिवशी कानामागे सापडतो, घड्याळाच्या पट्ट्यात सापडतो, चपलेच्या खाचेत सापडतो, उशीच्या अभ्र्यावर उतरतो. किरणांचा मारा म्हणजे उजेड, दूषण म्हणजे गुलाल. फरक इतकाच की या गुलालाचा प्रत्येक कण स्वतः एक छोटी बत्ती असतो, आणि आपल्या आयुष्यमानाप्रमाणे काही दिवस, काही वर्षं किंवा काही शतकं जळत राहतो.

म्हणून कर्मचाऱ्याच्या छातीवर जो बिल्ला लावतात, तो आणि दारातलं यंत्र यांची कामं वेगळी. अंगावर उजेड किती पडला याचा हिशेब बिल्ला ठेवतो. गुलाल लागला आहे का, हे यंत्र पाहतं.

हे शहाणपण जगाला फुकट मिळालेलं नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांना अंधारात वेळ दिसावी म्हणून घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावू लागले. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात तरुण मुली हे काम करत. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, अशी त्यांना शिकवण होती. रंगाची पूड त्यांच्या केसांवर, कपड्यांवर बसे. संध्याकाळी त्या घरी गेल्या की अंधारात त्यांचे केस आणि झगे चमकत, आणि त्याचं त्यांना कौतुक वाटे. कारखान्याच्या दारात त्यांना कुणी थांबवलं नाही. पुढे त्यांतल्या अनेकींचे जबडे सडले, हाडं ठिसूळ झाली, कित्येक जणी तरुणपणीच गेल्या. मादाम क्यूरी यांच्या प्रयोगवह्या आजही पॅरिसमध्ये शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे, त्यामुळे त्या वह्यांवरचा गुलाल अजून ताजाच म्हणायचा.

२ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत पहिली अणुभट्टी चालली. त्याच प्रकल्पात कामगारांना किरणांपासून जपण्यासाठी वेगळा गट नेमला गेला आणि त्या कामाला ‘हेल्थ फिजिक्स’ असं नाव पडलं. नाव मुद्दाम मोघम ठेवलेलं, गुप्तता राहावी म्हणून. हात-पाय मोजणारी यंत्रं, जोडे बदलण्याच्या खोल्या, आतले कपडे आतच ठेवण्याची शिस्त या गोष्टी त्या काळात रुजल्या.

आपल्याकडे ही शिस्त मुंबईत ट्रॉम्बेला आली. १९५४ मध्ये तिथे अणुऊर्जा संस्था स्थापन झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भट्टी सुरू झाली, १९६० मध्ये ‘सायरस’ आली आणि १९६४ मध्ये वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं करणारा कारखाना उभा राहिला. प्लुटोनियम आलं आणि दारातली तपासणी आणखी कठीण झाली. त्यातून निघणारे अल्फा कण साध्या कागदानेही अडतात. तळहातावर घामाचा थर असेल तरी ते यंत्रापर्यंत पोहोचत नाहीत. पण तोच कण श्वासाबरोबर फुप्फुसात गेला, तर तिथे वर्षानुवर्षं घर करतो. म्हणून हात कोरडे करून, यंत्राला जवळजवळ टेकवून तपासावे लागतात. ही यंत्रं परदेशातून किती काळ आणणार? ट्रॉम्बेच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातल्या कामातूनच १९६७ मध्ये हैदराबादची ईसीआयएल ही सरकारी कंपनी उभी राहिली, आणि किरणं मोजणारी उपकरणं देशात बनू लागली.

२८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूर केंद्राची वीज रीतसर सुरू झाली. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र आज पालघर जिल्ह्यात येतं. आपल्या अणुवीज केंद्रांची आतली रचना चार विभागांची असते. पहिल्या विभागात कचेऱ्या आणि उपाहारगृह, तिथे दूषण असताच कामा नये. मग चढत्या क्रमाने दुसरा, तिसरा, आणि चौथ्यात अणुभट्टीची इमारत. वरच्या विभागातून खालच्या विभागात येताना तपासणी होते, आणि शेवटी मुख्य दरवाज्याशी पुन्हा एकदा सगळ्या अंगाची. आत खाणं नाही, पिणं नाही, तंबाखू मळणं नाही.

फौजेत अण्वस्त्र, जैविक आणि रासायनिक युद्धाचं प्रशिक्षण असतं. त्यात आम्हाला हीच रेषा आखायला शिकवत. इकडची बाजू मळकी, तिकडची स्वच्छ. रेषा ओलांडताना हुद्दा पाहायचा नाही. कर्नलसाहेबांचे बूट आणि जवानाचे बूट सारखेच धुवायचे. अणुकेंद्राच्या दारातही मुख्य अभियंता आणि कंत्राटी मजूर यांच्यात यंत्र फरक करत नाही. ज्या दिवशी साहेबासाठी बाजूचं फाटक उघडलं, त्या दिवशी दारावरची सगळी यंत्रं निकामी झाली असं समजा.

आता वस्तूंकडे येऊ. माणसाचं अंग साबण आणि कोमट पाण्याने बहुतेक वेळा स्वच्छ होतं. घासायचं मात्र नाही, कारण कातडी सोलली तर कण आत शिरतात. वस्तूंचं तसं नसतं. घड्याळाचा पट्टा, बुटाचा तळवा, चष्म्याच्या काडीचा सांधा, मोबाइलची खाच, पिशवीची शिवण, पाकिटातल्या नोटा या सगळ्या कण धरून ठेवणाऱ्या जागा. म्हणून पहिला नियम असा की ज्याची गरज नाही ते आत न्यायचंच नाही. जे नेलं, ते बाहेर काढताना हातातल्या यंत्राने तपासायचं. यंत्राचं तोंड वस्तूपासून साधारण एक सेंटिमीटरवर धरायचं आणि सेकंदाला पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त वेगाने फिरवायचं नाही. घाईने फिरवलं तर यंत्राला मोजायला वेळच मिळत नाही.

इतकं हळू का, त्याचाही हिशेब सांगतो. किरणोत्सारी मालाच्या वाहतुकीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत बीटा आणि गॅमा किरणं देणाऱ्या पदार्थांसाठी दर चौरस सेंटिमीटरला ०.४ बेकरेल ही रेघ आखली आहे. त्याच्या वर असेल तर वस्तू दूषित. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर अडीच सेकंदांत सरासरी एक अणू फुटतो, आणि तो यंत्राला पकडायचा असतो. शिवाय जमिनीतून, विटांतून, आकाशातून येणारी नैसर्गिक किरणं सतत मध्ये येतात. त्यांच्या गलबल्यातून हा एक आवाज ओळखायचा. म्हणून तिथे सांगतात, हलू नका, काही सेकंद स्तब्ध उभे राहा.

यंत्र वाजलं म्हणजे माणूस दूषितच, असंही नाही. हवेतल्या रेडॉन वायूपासून तयार होणारे कण पॉलिस्टरच्या कपड्यांना चिकटतात. ते तासा-दोन तासांत विरून जातात, म्हणून थोडं थांबवून पुन्हा मोजतात. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या रुग्णामुळेही यंत्र वाजतं. वाजल्यानंतरचा प्रश्न असतो, हे आलं कुठून? त्या प्रश्नाचा प्रामाणिकपणे पाठपुरावा केला, तर केवढं काय उघडकीला येतं, त्याची दोन उदाहरणं.

पहिलं १९८४ च्या डिसेंबरमधलं. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या लिमरिक केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंते काम करत. संध्याकाळी निघताना यंत्र रोज वाजू लागलं. केंद्र अजून वीजनिर्मितीला लागलंही नव्हतं, मग दूषण येणार कुठून? एके सकाळी ते कामावर आले आणि आत न जाता आधी यंत्रातच उभे राहिले. यंत्र वाजलं. म्हणजे दूषण घरून येत होतं. त्यांच्या घराखालच्या खडकातून रेडॉन वायू घरात साठत होता, तिथे आज घरांसाठी जी मर्यादा सांगतात तिच्या शेकडो पट. अणुकेंद्राच्या दाराने त्या कुटुंबाला त्यांच्याच घरापासून वाचवलं. घराघरांतल्या रेडॉनकडे अमेरिकेचं लक्ष गेलं ते त्यानंतर.

दुसरं उदाहरण २८ एप्रिल १९८६ चं. सकाळी स्वीडनच्या फॉर्समार्क केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे यंत्र वाजलं. तो दूषित भागात गेलेलाच नव्हता. आधी वाटलं, आपलीच भट्टी गळते आहे. लोकांना बाहेर काढलं. मग बाहेरचं गवत तपासलं, तर तेही दूषित. वाऱ्याची दिशा पाहिली, कण कोणते आहेत ते पाहिलं, आणि बोट सोव्हिएत संघाकडे वळलं. चेर्नोबिलची भट्टी दोन दिवसांपूर्वी, २६ एप्रिलच्या पहाटे फुटली होती, जवळजवळ ११०० किलोमीटर दूर. मॉस्को गप्प होतं. त्याच संध्याकाळी त्यांना दूरचित्रवाणीवर चार ओळींत कबुली द्यावी लागली. एका महासत्तेने दडवलेली गोष्ट एका जोडी बुटांनी सांगितली.

चेर्नोबिलशेजारच्या प्रिप्यात शहरातल्या सुमारे ४९,००० लोकांना २७ एप्रिलच्या दुपारी बसमध्ये बसवलं. कागदपत्रं आणि तीन दिवसांपुरतं सामान घ्या, असं सांगितलं. ते तीन दिवस कधी संपलेच नाहीत. पहिल्या रात्री आग विझवायला गेलेल्या जवानांचे कपडे आणि बूट इस्पितळात उतरवून तळघरात टाकले गेले. ते अजून तिथेच आहेत, आणि अजून धोकादायक आहेत.

जपानमध्ये फुकुशिमानंतर, १० मे २०११ पासून, वीस किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना घरी एक धावती फेरी मारू देऊ लागले. अंगावर पांढरा संरक्षक पोशाख, हातात वेळ दोन तासांची, आणि सामानासाठी सरकारने दिलेली एक प्लास्टिकची पिशवी, सत्तर सेंटिमीटर लांब-रुंद. त्या पिशवीत मावेल तेवढंच घर बाहेर काढायचं. लोकांनी फोटो घेतले, दस्तऐवज घेतले, पूर्वजांच्या नावाच्या पाट्या घेतल्या. परतताना माणूस आणि पिशवी, दोन्ही तपासली जात. आपल्या देव्हाऱ्यातला टाक यंत्राखाली धरून कुणी ‘हा नेता येईल’ किंवा ‘हा नेता येणार नाही’ असं सांगतं आहे, अशी कल्पना करा. म्हणजे या तपासणीत माणसाचं काय पणाला लागतं ते कळेल.

तरीही या दाराला सगळं दिसतं असं नाही. कारवारजवळच्या कैगा केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये पन्नासच्या आसपास कर्मचाऱ्यांच्या लघवीत ट्रिटियम जास्त आढळलं. कुणीतरी आतल्याच माणसाने पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं होतं. ट्रिटियमची किरणं इतकी दुबळी असतात की कातडीतून बाहेरच येत नाहीत, त्यामुळे ते कर्मचारी दारातल्या यंत्रातून गेले तरी यंत्र गप्पच राहणार. प्रकार उघडकीला आला तो लघवीच्या नेहमीच्या तपासणीमुळे. एका पहाऱ्यावर विसंबू नये, पहाऱ्यामागे दुसरा पहारा असावा, हे कोणताही सुभेदार सांगेल.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. जिथे अशी दारं आहेत, तिथे निदान धोका पकडला जाण्याची सोय आहे. पण जिथे दारच नव्हतं, तिथे काय घडलं?

मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझ शहरात १९८३ च्या अखेरीस कर्करोगावरच्या उपचाराचं एक जुनं यंत्र भंगारात गेलं. त्यातलं कोबाल्ट-६० लोखंडाबरोबर वितळलं आणि त्याच्या हजारो टन सळया झाल्या. कळलं कधी? १६ जानेवारी १९८४ रोजी अशा सळया घेऊन जाणारा एक ट्रक अमेरिकेत रस्ता चुकून लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेपाशी पोहोचला आणि तिथलं यंत्र वाजलं. तोवर त्या सळया घरांत गेल्या होत्या. मेक्सिकोत शेकडो घरं पाडावी लागली.

२००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. बटणं बसवणाऱ्या कामगारांच्या अंगावर किरणं पडली होती. बटणांचं पोलाद भारतातून गेलेलं, आणि माग काढत तपास आपल्या खोपोलीच्या एका ओतकाम कारखान्यापर्यंत आला. तिथे वितळवलेल्या भंगारात ते कोबाल्ट आलं होतं.

आणि २०१० मध्ये दिल्लीचं मायापुरी. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षं पडून असलेलं एक गॅमा किरण यंत्र फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. आतल्या कोबाल्टचा एक चकचकीत तुकडा एकाने पाकिटात घालून खिशात ठेवला. इथे गुलालाचा प्रश्नच नव्हता, बत्तीच खिशात होती. त्या माणसाला भाजल्यासारख्या गंभीर जखमा झाल्या. आणखी काही जण इस्पितळात गेले, आणि एप्रिलच्या अखेरीस एका मजुराचा मृत्यू झाला. अणुदुर्घटनांच्या सात पायऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना चौथ्या पायरीवर धरली जाते. तारापूरच्या दारात तो तुकडा काही सेकंदांत पकडला गेला असता. मायापुरीत दार नव्हतं.

मी हे रायपूरहून बोलतो आहे, ते उगाच नाही. छत्तीसगडमध्ये अणुवीज केंद्र नाही. पण रायपूरच्या उरला आणि सिलतरा औद्योगिक वसाहतींत लोखंडाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत. भट्टीत स्पंज आयर्नबरोबर भंगारही पडतं, आणि त्यातून निघालेल्या सळया, ज्यांना इथे सरिया म्हणतात, नागपूर, गोंदिया, अमरावतीकडे जातात, तुमच्या-आमच्या घरांच्या स्लॅबमध्ये. मायापुरीसारखा एखादा तुकडा भट्टीत पडला, तर सर्वांत आधी भाजणार तो भंगार निवडणारा मजूर. त्याच्या छातीवर बिल्ला नसतो.

सरकारने यावर काही केलेलं आहे. आयात भंगाराबरोबर किरणोत्सर्ग तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि बंदरांवर तपासणीची यंत्रं बसवली गेली आहेत. पण मायापुरीतला माल परदेशातून आलेला नव्हता, तो दिल्लीतल्या दिल्लीत विकला गेला होता. देशातल्या भंगाराला बंदर लागत नाही. त्याची तपासणी व्हायची तर ती कारखान्याच्या फाटकातच व्हायला हवी.

भंगाराचं काम करणाऱ्या, कारखाना चालवणाऱ्या, किंवा अशा कुणाला ओळखणाऱ्या प्रत्येकाने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, पंख्याच्या तीन पात्यांसारखं पिवळ्या-काळ्या रंगातलं चिन्ह दिसलं तर वस्तू फोडायची नाही. हे चिन्ह १९४६ मध्ये बर्कलेत तयार झालं. ते सामान्य माणसाला उमगत नाही असं लक्षात आल्यावर २००७ मध्ये त्याच्या जोडीला कवटी आणि पळणारा माणूस असलेलं लाल चिन्ह आलं. दुसरी, आकाराच्या मानाने फार जड, शिशाचं आवरण असलेली, इस्पितळातून किंवा प्रयोगशाळेतून आलेली वस्तू दिसली तर चिन्ह नसलं तरी लांब व्हायचं, इतरांना लांब करायचं आणि पोलिसांना कळवायचं. तिथून पुढे अणुऊर्जा नियामक मंडळाकडे निरोप जातो. तिसरी, चमकणारा तुकडा खिशात घालायचा नाही. हे वाक्य मुलांनाही सांगून ठेवा. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात भंगारातून निघालेली निळी चमकणारी पूड लोकांनी कौतुकाने घरोघरी वाटली. चार जणांचा जीव गेला, त्यांत एक सहा वर्षांची मुलगी होती.

कारखान्याच्या मालकांना मला एवढंच सांगायचं आहे. भंगाराचा ट्रक तुमच्या फाटकात वजनकाट्यावर तसाही उभा राहतो. माल किती टन आहे हे तुम्ही बारकाईने पाहता, कारण त्यात तुमचा पैसा असतो. त्याच काट्याच्या दोन बाजूंना किरणं मोजणारे दोन खांब बसवता येतात. वजन होईतो मोजणीही होते, ट्रक वेगळा थांबवावा लागत नाही. ज्यांच्या फाटकात असे खांब आहेत, त्यांनी ते चालू आहेत ना, आणि वाजल्यावर काय करायचं हे रात्रपाळीच्या चौकीदाराला ठाऊक आहे ना, तेवढं आज संध्याकाळी विचारून घ्यावं.

जय हिंद.